अकरावी सायन्सला गणित सोडायचे की जीवशास्त्र? अर्ज भरण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर १९४२ ची गोष्ट. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन दिले. नोकऱ्या, प्रतिनिधित्व, कंत्राटे असे बरेच विषय त्यात आहेत. शिक्षणाच्या भागात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा मात्र आजही आपल्या घराघरांत वाचून दाखवावा असा आहे. कला आणि कायदा शाखेच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भले होणार नाही, समाजाला गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानातल्या प्रगत शिक्षणाची, आणि नेमके हेच शिक्षण समाजाच्या ऐपतीबाहेर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी रकमेसह मागणी केली. भारतात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी २ लाख रुपये आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी १ लाख रुपये. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण महाडीबीटीवर जो अर्ज भरतो, त्याची मुळे इथपर्यंत जातात.

हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचा विद्वान होता, हे विसरू नये. कला शाखेला कमी लेखण्याचा हा मामला नव्हता (आम्हीही समाजशास्त्रच शिकलो). ज्या शिक्षणाला प्रयोगशाळा लागते, महागडी पुस्तके लागतात, जास्त वर्षे लागतात, तिथे आपली मुले पोचत नाहीत आणि ती पोचावीत यासाठी सरकारने पैसा घालावा, हा तो हिशेब होता.

आता नवी मुंबईत या. दिघा, रबाळे, तुर्भे, घणसोली, नेरूळ, कळंबोली इथल्या वस्त्यांमध्ये दहावीच्या निकालानंतर आम्ही विहारांत आणि समाजमंदिरांत मुलांशी, पालकांशी बोलतो. वडील एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी, कुणाचे टीटीसी एमआयडीसीत कंत्राटी कामगार, कुणाचे सोसायटीत वॉचमन. आई चार घरची कामे करणारी. मुलाला पंच्याहत्तर-ऐंशी टक्के पडले की घरात पेढे येतात आणि ‘सायन्स घे’ हे लगेच ठरते. सायन्स म्हणजे नक्की कोणते विषय, हे मात्र प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या टेबलावर ठरते. मागे रांग असते, समोरचा कर्मचारी विचारतो, ‘मॅथ्स की बायो?’ आणि पोरगी मैत्रिणीने जे घेतले तेच सांगते. पुढची दहा वर्षे ठरवणारा निर्णय दोन मिनिटांत होतो. हा लेख त्या दोन मिनिटांच्या आधी वाचण्यासाठी आहे.

सहा विषयांचे गणित

आधी रचना समजून घेऊ. राज्य मंडळाच्या सायन्सला सहा मुख्य विषय असतात. इंग्रजी सक्तीचे. दुसरी एक भाषा, मराठी किंवा हिंदी वगैरे, किंवा तिच्या जागी आयटी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. उरलेल्या दोन जागांवर गणित आणि जीवशास्त्र. याशिवाय पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षण असते.

म्हणजे ज्याला क्लासवाले ‘पीसीएमबी’ म्हणून जादा ओझे असल्यासारखे सांगतात, ती खरे तर सायन्सची सरळसाधी रचना आहे. जो मुलगा गणित सोडतो त्याचा एक विषय कमी होत नाही. त्या जागी भूगोलासारखा दुसरा विषय घ्यावाच लागतो. फरक अभ्यासाच्या वजनाचा पडतो, संख्येचा नाही. ‘चार विषय म्हणजे डबल अभ्यास’ असे सांगून मुलांना घाबरवले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवा.

तिसरी वाट बायफोकलची. यात इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, काही ठिकाणी मत्स्यशास्त्र असा २०० गुणांचा व्यावसायिक विषय असतो. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुतेक वेळा जीवशास्त्र, या दोन्हींच्या जागी येतो. प्रॅक्टिकलचे गुण भरपूर असल्याने टक्केवारी वाढते, म्हणून त्याला मागणी असते. जागा मोजक्या असतात आणि वेगळी फी असते. ती फी प्रत्येक कॉलेजची वेगळी आहे, म्हणून आधी लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेली फी आणि पावतीवरची फी यांत फरक पडल्याचे आम्ही पाहिले आहे.

कोणता दरवाजा कुठल्या विषयाने बंद होतो

विषय निवडताना ‘यातून काय होता येईल’ हा प्रश्न सगळे विचारतात. आम्ही मुलांना उलटा प्रश्न विचारायला सांगतो. हा विषय सोडला तर काय होता येणार नाही?

जीवशास्त्र सोडले तर नीट परीक्षेचा रस्ता बंद होतो. म्हणजे एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी हे सगळे. बीएस्सी नर्सिंगही बंद होते, कारण तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकही गेले. हा दरवाजा थोडासा पुन्हा उघडतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीट देऊ शकतो. पण त्यात वर्ष जाते, आणि आपल्या घरात एक वर्ष म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

गणित सोडले तर यादी बरीच लांबते. आपल्याकडची इंजिनिअरिंगची सीईटी आणि जेईई, दोन्हींना गणित लागते. आर्किटेक्चर. एनडीएमधून नौदल आणि हवाई दल. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. बीएस्सीला गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र. नेरूळच्या करावे गावाजवळ ट्रेनिंग शिप चाणक्य आहे, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचे. मर्चंट नेव्हीचे अधिकारी तिथे घडतात. त्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आपल्या वस्त्या आहेत आणि तिथे जायला बारावीला भौतिक, रसायन, गणित लागते, हे त्या वस्त्यांतल्या किती मुलांना ठाऊक आहे? उरणला जेएनपीटी, उलव्याला नवा विमानतळ, ऐरोली-महापेला आयटी पार्क. या शहरात नव्या नोकऱ्या जिथे उभ्या राहत आहेत तिथे वरच्या जागांवर जायचे तर गणित पुन्हा पुन्हा आडवे येते. गणित नसेल तर त्याच गेटवर आपली मुले हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या गणवेशात उभी दिसतात.

काही दरवाजे दोन्ही बाजूंनी उघडतात. बी.फार्म.ला भौतिक-रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, काहीही चालते. बीएस्सी कृषीलाही दोन्ही ग्रुपची मुले जातात. रसायनशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी करणाऱ्याला तळोजा आणि टीटीसीच्या औषध व रसायन कंपन्यांमध्ये प्रयोगशाळेतले काम मिळू शकते. याची फारशी चर्चा होत नाही, कारण त्याचे बॅनर कुणी लावत नाही.

गणिताची भीती

आमच्या पाहण्यात आपली मुले, त्यातही मुली, गणित सोडतात ते डॉक्टर व्हायचे म्हणून नाही. भीती वाटते म्हणून सोडतात. दहावीला गणितात साठ पडलेल्या मुलाला शाळेतले किंवा क्लासमधले कुणीतरी सहज सांगते, ‘तुला नाही झेपणार, बायो घे.’ मुलीला तर घरातूनच सांगितले जाते की नर्सिंग बरे, लवकर नोकरी लागते. नर्सिंग उत्तम क्षेत्र आहे, कुणी मनापासून निवडत असेल तर आम्ही तिच्या बाजूने उभे राहू. पण ‘गणित जमत नाही, म्हणून नर्सिंग’ हे निवडणे नव्हे.

कुणाला कोणता विषय झेपेल हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा अनुभव आपल्याला जुना आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवी होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. आज कुणी जात काढून विषय नाकारत नाही. ‘झेपणार नाही’ एवढेच म्हणतात, तेही काळजीच्या स्वरात. परिणाम बघितला तर फार वेगळा नसतो.

आता एक साधी, पण कुणी न सांगितलेली गोष्ट. गणित सोडल्याने गणित सुटत नाही. राज्य मंडळाचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश आहेत, अवकलन-समाकलनाची तोंडओळख आहे. हे सगळ्यांना, पीसीबीच्या मुलांनाही. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ रसायनाचे आणि ४५ भौतिकशास्त्राचे. म्हणजे १८० गुण अशा विषयाचे, जो गणिताशिवाय सुटत नाही. रसायनातली मोल संकल्पना, सामू काढताना लागणारे लॉगॅरिदम, ही आकडेमोडच आहे. गणिताला घाबरून पीसीबी घेतलेली मुले नीटच्या पेपरात अडखळतात ती इथेच, आणि तोपर्यंत त्यांच्याजवळ गणित शिकवणारे कॉलेजचे शिक्षकही नसतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जीवशास्त्राची खरी आवड असेल आणि डॉक्टरकीचा रस्ता समजून घेतला असेल, तर पीसीबी घ्या. इंजिनिअरिंग, तंत्रज्ञान, अर्थशास्त्र-संख्याशास्त्र यांकडे ओढा असेल तर पीसीएम, त्यासोबत परवडत असेल तर बायफोकल. आणि ठरतच नसेल, तर निदान अकरावीला चारही विषय ठेवा आणि गणिताला वर्षभर संधी द्या. फक्त भीतीमुळे काही सोडायचे असेल, तर गणित शेवटी सोडा. चार विषय ठेवणाऱ्या मुलाला संध्याकाळचे तीन तास शांत जागा मिळायला हवी, ही अट मात्र खरी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि टीव्ही असेल तर ती जागा घराबाहेर शोधावी लागेल. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांसाठी थोडे वेगळे. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले तीन महिने विषय कळत नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्याला शब्द कळत नसतात. ‘वेग’ आणि ‘त्वरण’ त्याला नीट येतात, ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘ॲक्सिलरेशन’ अंगवळणी पडायला वेळ लागतो. या तीन महिन्यांच्या भरवशावर विषय बदलू नका. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पेपर मराठीत मिळतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

क्लासचे बॅनर आणि ‘इंटिग्रेटेड’

पाम बीच रोडपासून कळंबोलीच्या सर्कलपर्यंत मे-जूनमध्ये क्लासचे बॅनर लागतात. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा आणि खाली पर्सेंटाइल. पालक आम्हाला बॅनरचा फोटो दाखवून विचारतात, ‘हा क्लास कसा आहे?’ आम्ही एवढेच म्हणतो, या बॅनरवर दहा चेहरे आहेत, त्या बॅचमध्ये किती मुले होती हे विचारून या. अजून कुणी उत्तर घेऊन परत आलेले नाही.

‘इंटिग्रेटेड’ म्हणजे कॉलेजचे नाव, पण शिक्षण क्लासमध्ये. मूल कॉलेजला जात नाही, हजेरी लागते, प्रॅक्टिकल परीक्षेपुरते उरकले जाते. हा प्रकार थांबवण्यासाठी २०१८ मध्ये राज्य शासनाने सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. प्रकार थांबला नाही, हे आपण सगळे पाहतो आहोत. ज्याच्या घरात आधीच इंजिनिअर-डॉक्टर आहेत त्या मुलाचे प्रॅक्टिकल बुडाले तर तो कुठेतरी भरून काढेल. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलाला टेस्ट ट्यूब, मल्टिमीटर, सूक्ष्मदर्शक हाताळायला मिळतो तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतच. बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागितले, त्यातला हाच भाग आपण क्लासला फी भरून सोडून देतो. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, तो वेगळा मुद्दा.

क्लास लावूच नका असे आम्ही म्हणत नाही. फी लाखांत असेल आणि ती व्याजाने उचललेल्या पैशांतून जाणार असेल, तर थांबा एवढेच म्हणतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे, सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नये असे आहे, आणि पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी परत करावी असेही आहे. पावती जपून ठेवा. आमच्या एका ओळखीच्या घरी वडिलांनी दोन वर्षांची फी एकदम भरली, मुलाने चार महिन्यांत क्लास सोडला, आणि हातात पावती नसल्याने बोलायलाच जागा उरली नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी जेईई-नीटच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती बार्टी काढते. दहावीच्या निकालानंतर बार्टीचे संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावून घ्या. अशा जाहिरातींची मुदत गुपचूप संपते.

किती गुण लागतात, आणि कुठे लागत नाहीत

बारावीचे टक्के आणि प्रवेश परीक्षा यांचा गोंधळ खूप घरांत असतो. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटी किंवा जेईई मेनवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते, मागास प्रवर्गाला संबंधित विषयांत ४० टक्के. नीटसाठीही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीच्या भौतिक-रसायन-जीवशास्त्रात ४० टक्के पुरतात, पुढची सगळी स्पर्धा नीटच्या गुणांवर. आयआयटीला मात्र बारावीला ७५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे, अनुसूचित जातीला ती ६५ टक्के आहे. बायफोकलचे वाढीव गुण इथे कामी येतात. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, हेही पालकांना सांगा. ‘आयआयटी आपल्याला परवडणार नाही’ हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो.

राज्याच्या सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई आणि नीटमध्ये कापतात, आणि तिथे अकरावी-बारावी दोन्ही वर्षे सारखीच महत्त्वाची. ‘अकरावी आरामाचे वर्ष’ ही समजूत या दोन परीक्षांसाठी घातक आहे.

डॉक्टरकीची स्वप्ने पाहणाऱ्या नवी मुंबईकरांनी एक भेद नीट समजून घ्यावा. आपल्या आजूबाजूला वैद्यकीय महाविद्यालये बरीच आहेत, पण सगळी एका प्रकारची नाहीत. नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात आणि तिथे अनुसूचित जातीसाठी राखीव जागा नसतात. राज्याच्या कोट्यात शासकीय महाविद्यालयांत १३ टक्के जागा असतात, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालयांतही राखीव जागा असतात. घराजवळ मोठी इमारत दिसते म्हणून ‘इथेच मिळेल’ असे गृहीत धरून दोन वर्षे घालवलेली मुले आम्हाला भेटली आहेत.

कागदपत्रे अकरावीतच

हा भाग कंटाळवाणा आहे, पण हुशार मुलांची वर्षे याच्यावरच जातात.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. सायन्सच्या मुलाने त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. बारावीच्या मे महिन्यात धावपळ करणाऱ्यांची समितीच्या कार्यालयाबाहेरची गर्दी ज्याने पाहिली आहे तो हे वेगळे सांगायला लावणार नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि तो वडिलांच्या बाजूने. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, असे.

नवी मुंबईतली आपली बहुतेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, सातारा-सोलापूर, कोकण इथून आलेली. दाखला त्या मूळ जिल्ह्यातून निघतो आणि पडताळणीही तिथल्याच समितीकडे जाते. म्हणजे जालन्याच्या किंवा बुलढाण्याच्या फेऱ्या. दिवाळीला गावी जाणार असाल तर शाळेतल्या जुन्या रजिस्टरचा उतारा काढायचे काम त्याच सुटीत उरका. दुसरी अडचण आपल्या समाजाची खास आहे. धम्मदीक्षेनंतर एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, काकांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि मुलाच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ अशा नोंदी असतात. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करताना हे सगळे दाखले एकत्र जोडावे लागतात. घरातल्या सख्ख्या चुलत्याला किंवा आत्याला आधी वैधता मिळाली असेल तर ती प्रत जोडा, काम बरेच सोपे होते.

केंद्राच्या जागांसाठी, म्हणजे जेईई, आयआयटी आणि नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून मिळाल्या. त्यासाठीचा दाखला राज्याच्या दाखल्यापेक्षा वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला असूनही ऐनवेळी अडलेली मुले कमी नाहीत.

पैशांचे म्हणाल तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच मिळते, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, महिना ३०० रुपये, दहा महिने. तिला उत्पन्नाची अट नाही. रक्कम पाहून हसू येईल, पण वर्षाची पुस्तके आणि जर्नल त्यात निघतात. अर्ज महाडीबीटीवरच.

स्वाधार योजना नवी मुंबईत घर असलेल्यांसाठी नाही. पण गावाकडून तुमच्याकडे शिकायला आलेला पुतण्या किंवा भाची असेल, शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल, तर अकरावीपासून तिचा विचार करा. नवी मुंबईसाठी ही रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरलेली होती. चौकशी समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात.

विहारात काय करता येईल

हा भाग कार्यकर्त्यांसाठी. जूनमध्ये सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो येतात. त्याच कार्यक्रमात अर्धा तास विषय निवडीला द्या. भाषण नको. वस्तीतली जी मुले गेल्या दोन-तीन वर्षांत पीसीएम, पीसीबी, बायफोकल यांतून गेली त्यांना समोर बसवा आणि नव्या मुलांना प्रश्न विचारू द्या. काय फसले, कुठले कॉलेज प्रॅक्टिकल खरोखर घेते, कुठे जादा पैसे मागितले, हे तीच सांगतील.

बारावी झालेल्यांची पुस्तके जमा करा. अकरावीचा सध्याचा अभ्यासक्रम २०१९ पासूनचा आणि बारावीचा २०२० पासूनचा आहे, त्यामुळे त्यानंतरची पुस्तके चालतात. बालभारतीच्या ई-प्रती मोफत उतरवता येतात, पण मोबाइलवर गणित करणे कठीण असते, छापील पुस्तक हवेच.

आणि संध्याकाळी सात ते अकरा विहाराचा हॉल उघडा ठेवा. वंदना झाली की कुलूप लागते आणि मुले जिन्यावर बसून अभ्यास करतात, हे नवी मुंबईतल्या कितीतरी ठिकाणी दिसते. चार टेबले, एक फळा, आठवड्यातून दोनदा गणिताची शंका सोडवायला येणारा इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी, एवढ्यात भागते. किल्ली कुणाकडे राहील, लाइटबिल कोण भरेल आणि मुली रात्री घरी कशा जातील, हे कमिटीच्या बैठकीत आधी ठरवून घ्या. आम्ही पाहिलेल्या अभ्यासिका याच तीन प्रश्नांवर बंद पडल्या आहेत.